उजानकांदीचे आकाशी मास्क

२० नोव्हेंबर

मला नोकरी लागली! अम्माला सांगून झालं, शेळीला सांगून झालं. आता याउपर कुणाला सांगायचं नाही अशी नोकरीची अटच आहे, म्हणून उरलेलं सगळं इथे लिहिते.

काम असं की, आमच्या गावात रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांच्या तोंडावर मास्क आहे ते बघायचं आणि मोजायचं. बस्स! रेहनुमा आपा माझ्या वरच्या साहेबीण, ढाक्याहून आल्यात. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ढाक्यात गावांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या म्हणे. काही गावांना मास्क फुकट वाटायचे, ते कसे घालायचे ते दाखवायचं, मशिदीत हुजूरांकडून, म्हणजे इमामांकडून, दोन शब्द वदवून घ्यायचे. काही गावांना मात्र काही द्यायचं नाही आणि काही सांगायचंही नाही. मग कुठल्या गावात किती माणसं आजारी पडली ते ताडून बघायचं. मास्कमुळे हा साथीचा रोग पसरायचा खरंच थांबतो का, ते त्यातून कळणार. कालव्यापलीकडच्या पाखीमारा गावाला मास्कची चिठ्ठी निघाली. आमच्या उजानकांदीला कोरी.

"तू फक्त बघायचं. मास्क घाला असं या गावात कुणालाही म्हणायचं नाही. घरच्यांनासुद्धा नाही. जमेल?" आपांनी विचारलं.

मी म्हटलं, जमेल. पडद्यामागे अम्मा खो खो हसली. कागदावर माझं नाव मुर्शिदा आहे, पण गाव मला मोयना म्हणतं, म्हणजे मैना. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि मला पगार मिळणार तो हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसण्याचा!

२१ नोव्हेंबर

पहिला दिवस. अब्बांचं चहाचं दुकान आमच्या ओट्यालाच लागून आहे, आणि बांबूच्या साकवाकडे जाणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोरूनच जातो. मी तिथे कप विसळायला असतेच, त्यामुळे कुणाला संशय येणार नाही.

मोजण्याची युक्ती माझी स्वतःची. मास्क नीट असला तर चिंचोका बिस्किटाच्या डब्यात, हनुवटीवर लोंबत असला तर तंबाखूच्या डबीत, नसलाच तर पातेल्यात. बाकावर बसलेले मोजायचे नाहीत, नुसते वाटेने जाणारे मोजायचे. चहाच्या दुकानात मास्क मोजणं म्हणजे न्हाव्याच्या दुकानात दाढ्या मोजणं.

संध्याकाळी पातेलं भरलं. तंबाखूच्या डबीत एकच चिंचोका होता, तो गफूर मातबरांचा. मातबर म्हणजे आमच्या गावचे पुढारी. शहरात बँकेच्या दारात कुणीतरी त्यांच्या तोंडावर मास्क चढवला होता, तो त्यांनी दाढीखाली झोळीसारखा बांधला होता. बिस्किटाच्या डब्यात काहीच नाही.

अब्बा पातेल्यात डोकावून म्हणाले, "एवढ्या चिंचोक्यांचं काय करणार? लग्नात उधळायचेत?"

माझी जीभ नुसती वळवळत होती. अख्ख्या गावाला नाही, मला एकाच माणसाला सांगायचंय. अब्बांना फार वर्षांपूर्वी क्षय झाला होता. औषधं घेऊन बरे झाले, पण छाती पूर्वीची राहिली नाही, असं डॉक्टर म्हणतात. हा रोग छातीवरच जातो. गावातला प्रत्येक खोकणारा माणूस अब्बांच्याच बाकावर येऊन खोकतो, आणि मी समोर बसून कप विसळते.

तसे ते ठणठणीत आहेत म्हणा. साकवावर मध्येच थांबतात तेवढंच. विचारलं तर म्हणतात, पाणी बघतोय. अब्बांना पाणी बघायची भारी हौस.

२६ नोव्हेंबर

आज जे घडलं ते लिहिताना माझा हात हसण्याने हलतोय.

पाखीमारात मास्क आले, आणि त्यांचा रंग आकाशी निघाला!

आता यात हसण्यासारखं काय ते कालव्याच्या काठी जन्मलेल्यालाच कळेल. आमचं उजानकांदी आर्जेन्टिनाचं. वर्ल्ड कप आला की घरांवर, झाडांवर, मशिदीशेजारच्या विजेच्या खांबावर आकाशी-पांढरे झेंडे. पाखीमारा सगळं ब्राझीलचं, तिकडे पिवळं-हिरवं. त्या महिनाभर साकवावरून कुणी नवरी जात नाही की वरात येत नाही. दोन्ही देश कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्यांच्यापायी डोकी फुटलेली माणसं दोन्ही गावांत आहेत.

आणि ढाक्याच्या शहाण्यांनी ब्राझीलवाल्यांना आर्जेन्टिनाचा रंग वाटला! पाखीमाराच्या लोकांनी तो मास्क चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. तोंडावर लावायची बातच सोडा.

इकडे आमच्या गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आपला रंग, आणि त्यांच्या नाकावर?" असं म्हणत मातबरांनी बाकावर अशी मूठ आपटली की तीन कप खाली आले. "आपल्याला का नाही?"

सगळे तावातावाने बोलत होते. फक्त अब्बा शांतपणे साखर ढवळत होते, कारण अब्बा या गावातले एकुलते एक ब्राझीलवाले. त्यांच्या दुकानाच्या छपरावर बारा महिने पिवळा झेंडा असतो. तरुणपणी त्यांनी कुठल्याशा दुकानात टीव्हीवर ब्राझीलची मॅच पाहिली आणि जन्माचे त्यांचे झाले. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. पिवळा रंग त्यात दिसलासुद्धा नव्हता!

२९ नोव्हेंबर

आपा आल्या तशा मातबरांनी त्यांना अब्बांच्या दुकानातच गाठलं. कोरी चिठ्ठी गावाला कशी कळली देव जाणे. मी सांगितली नाही. (शेळीला सांगितली होती.)

"म्हणजे आम्ही मरायचं आणि तुम्ही मोजायचं, असंच ना?" मातबर म्हणाले.

 आपांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "चाचा, मास्कने किती फरक पडतो ते आम्हालाच पक्कं माहीत नाही. माहीत असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या? कुणी म्हणतं पडतो, कुणी म्हणतं नुसता नखरा आहे. तुमच्या गावावाचून ते कळायचं कसं? आणि तुम्हाला मास्क घालायची बंदी नाही. आम्ही फक्त देणार नाही."

"बंदी नाही ना?" मातबरांनी दोनदा विचारून घेतलं.

कोपऱ्यात बदरुल भाई चहा पीत होता. तो गावचा शिंपी. त्याने कप खाली ठेवला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. एरवी हा माणूस कपाचं बूड चाटून जातो.

३ डिसेंबर

बिस्किटाच्या डब्यात चिंचोके पडायला लागले! आणि तेही असे धडाधड, की दुपारी मला अम्माकडून आणखी चिंचोके मागून घ्यावे लागले.

झालं ते असं. बदरुल भाईच्या दुकानात गेल्या वर्ल्ड कपचे न खपलेले झेंडे गठ्ठ्यांनी पडून होते, त्यात पिवळेच जास्त. त्याने पिवळ्या झेंड्यांचे मास्क शिवले आणि साकवाच्या मधोमध उभं राहून पाखीमाराच्या लोकांशी सौदा केला: एक पिवळा घ्या, एक आकाशी द्या. पाखीमारा तुटून पडलं. ज्यांनी फुकटचा मास्क चिमटीत धरला होता, ते आता पिवळ्यासाठी रांगेत उभे! आणि उजानकांदीत ज्याला त्याला आकाशी हवाय. म्हशीवाला काशेम आकाशी मास्क घालून म्हशीवरून गेला आणि मागे पोरांनी "गोऽऽल" म्हणून ओरडा केला.

मी आज वेड्यासारखी हसत होते. मग एकदम लक्षात आलं की, ज्या गावात मास्क नसायला हवेत तिथे मास्क झाले, आणि मोजणारी मी. माझी नोकरी गेली.

तरी हसू थांबेना.

५ डिसेंबर

बदरुल भाईने मला मास्क आणून दिला. माझ्या मापाचा, कडेने बारीक निळी किनार. त्यासाठी त्याने माझ्या नाकाचं माप तीन वेळा घेतलं. शिंप्याला माप लक्षात राहू नये म्हणजे कमाल आहे. अम्मा म्हणाली, "घेऊ दे गं, कामात चोख आहे." आणि उगाच चुलीकडे तोंड करून हसली.

आता मी घातला तर स्वतःला मोजायचं का? आपांना विचारायला हवं.

संध्याकाळी दुकानात मोठी गंमत झाली. पाखीमारात मास्क वाटणाऱ्या बाईंनी दाखवलं होतं की, मास्क लावून दिव्यावर फुंकर मारायची. दिवा विझला तर मास्क कुचकामी. बदरुल भाईने रॉकेलची चिमणी आणली आणि गाव लागलं फुंकायला. त्याचा एकपदरी झेंडा पहिल्याच फुंकरीत हरला, चिमणी विझली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने तिथेच बसून दोन पदर वाढवले. मग मातबरांनी गाल फुगवून डोळे बाहेर येईपर्यंत फुंकलं, ज्योत नुसती मान डोलवून तशीच राहिली. टाळ्या पडल्या.

कुणीतरी अब्बांना म्हणालं, हातेम अली, तुम्ही फुंका, तुम्ही तर उघड्या तोंडाचे! अब्बांनी मास्कशिवाय फुंकलं. चिमणी विझली नाही. पुन्हा फुंकलं. तरीही नाही. "ब्राझीलची हवा गेली!" काशेम ओरडला आणि सगळे हसले. अब्बाही हसले. मीही हसले.

आत्ता हे लिहिताना मात्र हसू येत नाहीये. का, ते कळत नाही. झोपते.

९ डिसेंबर

आपांना सगळं सांगून टाकलं. झेंडे, साकव, पिवळा देऊन आकाशी. बोलताना माझी बोटं ओढणीला पीळ घालत होती.

आपांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"रंग!" त्या म्हणाल्या. "सगळा विचार केला गं आम्ही. कापड कुठलं, पदर किती, दोरी कानामागे की डोक्यामागे. फुटबॉल कुणाच्या डोक्यातच आला नाही."

"माझी नोकरी?"

"तू जे दिसलं ते लिहिलंस. नोकरी जाईल कशाला? तुमचं गाव ज्या चिठ्ठीत निघालं त्याच चिठ्ठीत राहणार, मग काही का करेना. फक्त एक आहे. तुम्ही मास्क घातलेत, म्हणून तुमच्या गावात कमी माणसं आजारी पडली, तर आम्हाला वाटणार की मास्कचा काही उपयोग नाही. दोन्हीकडे सारखंच दिसणार."

म्हणजे आमच्या गावाने मास्क घालून मास्कचाच पुरावा पुसला! मी विचारलं, मग आता घालू नका म्हणून सांगू का?

"तेही सांगायचं नाही," आपा म्हणाल्या. "तू बघायचं फक्त. आणि गावं पुष्कळ आहेत. सगळ्याच गावांत तुमचा बदरुल नसेल." मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाल्या, "किनार छान आहे."

१२ डिसेंबर

गावात आता एकच उघडं तोंड उरलंय. दिवसभर ज्याच्या बाकावर खोकणाऱ्यांची रांग असते, नेमकं त्याचं.

अब्बा म्हणतात, आकाशी रंग मेलो तरी तोंडाला लावणार नाही. मग पिवळा? पिवळं कापड सगळं पाखीमाराच्या नाकांवर गेलं. उरलाय एकच पिवळा झेंडा, आमच्या छपरावरचा. बदरुल भाई म्हणाला, चाचा, त्यातला एक कोपरा द्या, शिवून देतो. अब्बांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने कातरी पाठीमागे लपवली.

अम्माने तर पहिल्या दिवसापासून आकाशी घातलाय. "नाकाला काय कळतंय फुटबॉल?" असं म्हणते ती. मला बोलायची चोरी, म्हणून मी तिला खुणा करते. ती अब्बांना बोलते. अब्बा साखर ढवळतात.

आज साकवावर मी त्यांच्या मागेच होते. मध्यावर थांबले. पाणी बघतोय म्हणाले. कालव्यात पाणी घोटाभर उरलंय, गाळ दिसतोय सगळा.  

१७ डिसेंबर

मातबरांच्या मेव्हण्याला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलंय, ऑक्सिजन लावलाय. तो बाजाराच्या गावी राहतो, इथला नाही. तरी आज दुकानात कुणी गोल-गोल ओरडलं नाही.

१९ डिसेंबर

ताप. घसा टोचतोय. मी मागच्या खोलीत आहे, दार लावून घेतलंय. काल खजुराच्या गुळाची गोड धिरडी खाल्ली तर त्यांना चवच नव्हती. मला वाटलं अम्मा गूळ घालायला विसरली.

२० डिसेंबर

अम्मालाही ताप. ती माझ्याच खोलीत आली. घरात उभे फक्त अब्बा.

२१ डिसेंबर

काल रात्री चुलीपाशी अब्बांची खुडबुड ऐकली. त्यांनी जन्मात चहाखेरीज काही शिजवलेलं नाही. खिचडी करपल्याचा धूर दाराखालून आत आला, पण मला वास येत नव्हता. डोळे चुरचुरले तेव्हा कळलं.

मग त्यांची पावलं दाराशी आली. दिव्यावर फुंकर मारता न येणारा माणूस, आणि आत आम्ही दोघी खोकतोय. मी अंगातलं सगळं बळ घशात आणून ओरडले, "अब्बा, आत येऊ नका! मास्क घाला आधी! मास्क घाला, मास्क घाला, मास्क घाला!" महिनाभर दातांमागे कोंडलेले शब्द एका दमात बाहेर पडले. नोकरी गेली खड्ड्यात.

दार उघडलं. अब्बा हातात पातेलं घेऊन उभे. नाकापासून हनुवटीपर्यंत आकाशी.

मी बघतच राहिले. अम्माने तापातसुद्धा मान उचलून पाहिलं.

"ओरडतेस कशाला?" मास्कच्या आतून अब्बा म्हणाले. "खिचडी घे. खालची करपलीय, वरची खा."

पातेलं उंबऱ्यावर ठेवून, खिडकी सताड उघडून ते गेले. मी खिचडी खाल्ली. चव कळली नाही. आम्हा दोघींना रडू आलं; ते खारट होतं, असं अम्माने सांगितलं. तिला अजून चव येते.

२७ डिसेंबर

ताप उतरला, अम्माचाही. अब्बा रोज तीनदा येतात, आकाशी तोंडाने. झोपायला दुकानातल्या बाकावर जातात.

बदरुल भाई खिडकीबाहेर लांब उभा राहून बोलतो. माझा आवाज ऐकायला आलो म्हणाला. माझा घसा बसलाय, ऐकण्यासारखं त्यात काय? पण त्याच्याकडून एक गोष्ट कळली. मला ताप आला त्याच संध्याकाळी अब्बा त्याच्या दुकानात गेले होते. तो म्हणाला, "चाचा, छपरावरचा झेंडा द्या, सकाळपर्यंत पिवळा शिवून देतो." अब्बा म्हणाले, "सकाळपर्यंत कोण थांबणार? पोरीला ताप आलाय." आणि डोळे मिटून हात पुढे केला.

म्हणजे मी ओरडले ते उगाचच. गावात कुणाला सांगायचं नाही हा नियम फुकट मोडला.

४ जानेवारी

अब्बांची तपासणी झाली. त्यांना काही नाही! काहीच नाही! मी अंगणात दोन गिरक्या घेतल्या आणि चक्कर येऊन शेळीच्या अंगावर बसले.

आपांना फोन केला. नियम मोडला तेही सांगितलं. "दार लावून घेतलेल्या खोलीतून ओरडलीस ना? मला ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, अब्बांना मास्कनेच वाचवलं ना?

"खिडकी उघडी होती, ते बाकावर झोपत होते, नशीबही असेल. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, मुर्शिदा."

"आपा, तो एक माणूस माझे अब्बा आहेत."

 "हो गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मोजायचं."

६ जानेवारी

आज पुन्हा कामावर. उन्हात बसले, मांडीवर चिंचोके. बदरुल भाईने नवा मास्क आणून दिला आणि पुन्हा माप घेतलं. आजारात नाक बारीक झालंय म्हणे.

दुपारी अब्बा साखर आणायला बाजाराला निघाले. भर रस्त्यातून, भर उन्हात, आकाशी तोंडाने. अख्खं उजानकांदी बाहेर आलं. मातबरांनी उठून सलाम ठोकला. काशेमने म्हशीवरून "गोऽऽल" अशी आरोळी दिली आणि पलीकडच्या काठावरच्या पिवळ्या नाकांनी "गद्दार! गद्दार!" म्हणून शिट्ट्या मारल्या. अब्बा कुणाकडे न बघता चालत होते. छपरावर त्यांचा झेंडा सगळ्या कोपऱ्यांसकट फडकत होता.

साकवाच्या तोंडाशी ते थांबले. या खेपेला पाणी बघतोय असं म्हणाले नाहीत. दम घेतला आणि मागे वळून मला हाक मारली.

"मोयना, मोजलंस का मला?"

"कशाचं मोजणं, अब्बा? मी कप विसळतेय."

"पहिल्या दिवसापासून बघतोय तुझे चिंचोके. टाक एक बिस्किटाच्या डब्यात." मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "पण रंग लिहू नकोस."